कॅलेंडरातली आजी

आमच्या बोईसरच्या घरात एका वर्षीचा मार्च महिना कधी संपलाच नाही. एप्रिल आला, पाऊस येऊन गेला, दिवाळीला नवं कॅलेंडर आलं, तरी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मार्चच. घरी आलेला पाहुणा तारीख बघायला मान वर करायचा आणि बुचकळ्यात पडायचा. आई त्याला सरळ सांगायची की तारीख बघायची असेल तर स्वयंपाकघरात जा, तिथं दुसरं लावलंय.

वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. कापडाचे रंग, शाईचे रंग. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांची नखं कधी निळी तर कधी गुलाबी असायची आणि रुमालाचा मूळ रंग कुठला हे आईलाही सांगता यायचं नाही. कारखान्याकडून दिवाळीला मिठाईचा पुडा आणि येत्या वर्षाचं कॅलेंडर मिळायचं. एरवी त्यावर देव असायचे, नाहीतर बर्फाचे डोंगर. एका वर्षी मात्र मालकाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. त्याच्या शाईच्या रंगाला परदेशातून मागणी आली होती म्हणे, त्या आनंदात त्याने जुन्या ब्रिटिश चित्रांचं कॅलेंडर छापलं. कुठल्याशा संग्रहालयातली, नुसत्या शाईने काढलेली चित्रं. जानेवारीत एक पूल, फेब्रुवारीत झाडाखाली गाई. सगळं करड्या रंगात. वडील म्हणाले, रंगाचा कारखाना आमचा, आणि कॅलेंडराला रंग नाही. आईचा राग वेगळाच होता. त्यात चतुर्थी दिलेली नव्हती.

एक मार्चला तिने कुरकुरतच पान उलटलं आणि तिचा हात तिथंच राहिला.

चित्रात समुद्रकिनारा होता. वाळूवर ओढून घेतलेल्या दोन होड्या, एक कलती. मागे काठ्या रोवून त्यांवर आडव्या काठ्या बांधलेल्या आणि त्यांवर ओळीने मासे वाळत टाकलेले. टोपल्यांपाशी वाकून बसलेल्या बाया. एक कुत्रा. आणि सगळ्यांपासून जरा बाजूला, आपल्याकडे पाठ करून उभी असलेली एक उंच बाई, एक हात कमरेवर, दुसरा डोळ्यांवर आडवा, समुद्राकडे बघत. रेघा टाकाच्या होत्या आणि त्यांवर पाण्यात पातळ केलेली शाई कुंचल्याने पसरली होती. पुढे मी चित्रकला शिकले तेव्हा कळलं, याला वॉश म्हणतात. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की आकाश खरोखर ओलं वाटतंय.

"ही तर आमची वलांडी," आई म्हणाली.

आईचं माहेर मुरबे. सातपाटीसमोरची खाडी ओलांडली की पलीकडे. तिथं बोंबील वाळवायच्या त्या आडव्या काठ्यांना वलांडी म्हणतात, आणि आईचं बालपण त्या वलांडीखाली गेलं होतं. ती खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. होडी कुणाची असेल, वारा कुठून सुटलाय, बाया मासे साफ करतायत की टोपल्या भरतायत, सगळं ती आम्हाला समजावून सांगू लागली. एकच गोष्ट तिला खटकली. चित्रातले मासे एकेक, दोरीने टांगलेले होते. बोंबील असा टांगत नाहीत. दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवतात आणि ती जोडी काठीवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. त्यावर तिने स्वतःच निकाल दिला, की साहेबाला बोंबील काय ठाऊक, त्याने आपल्या मनाने टांगले.

मग तिने त्या उभ्या बाईवर बोट ठेवलं. "आनि ही माजी आय."

वडील हसले. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं, ते मला आठवतं. माझी आजी तापाने गेली तेव्हा आई सहा-सात वर्षांची होती. आजीचा फोटो नव्हता. फोटो काढायचा तर पालघरला जावं लागायचं, आणि बोंबलाचा हंगाम सोडून फोटो काढायला कोण जाणार? आईला आत्याने वाढवलं. आमच्या बिल्डिंगमध्ये पितृपक्षात घरोघरी फोटो पुसून हार घालायचे. वडिलांकडच्यांचे दोन होते आमच्याकडे. आईच्या बाजूने भिंत रिकामी होती.

मी तेव्हा शाळकरी आणि फाजील शहाणी. मी म्हटलं, चित्र इतकं जुनं आहे, तेव्हा आजीचा जन्म तरी झाला असेल का? हिशेब मांडून दाखवायला लागले तर आई म्हणाली, हिशेब शाळेत मांड. नंतर थोडी नमती झाली. आय नसेल तर आयची आय असेल, पण उभं राहायची रीत आमच्याच घरातली आहे, यावर ती ठाम होती. वडीलही हळूहळू तिच्या बाजूला गेले. वैतरणेवर पूल बांधायला साहेब आलेच होते, त्यातला एखादा सुट्टीच्या दिवशी फिरत मुरब्याला पोचला असेल, असं त्यांनी काढलं. मग दर वर्षी त्या साहेबाच्या गोष्टीत भर पडत गेली. साहेबाला खाडीतून होडीने आणला. त्याला तहान लागली तेव्हा आजीनेच पाणी दिलं. पुढे त्याने भाजलेला बोंबील खाल्ला आणि काटा लागेल म्हणून घाबरला. जेवताना हे सगळं ऐकायला मला फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी नाक मुरडायचे.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला आईने अबोलीची वेणी करून कॅलेंडराच्या खिळ्याला अडकवली आणि चित्राखाली पान वाढलं. आमच्याकडे पितरांच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात, मग ती मासळी का असेना. आजीच्या पानावर सुक्या बोंबलाचं कालवण असायचं, लालभडक. कावळ्याला घालून उरलेलं आम्ही खायचो आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढायचो.

पान कडेने फाटायला लागलं तेव्हा वडिलांनी त्याला चौकट करून आणायचं ठरवलं. तारखा कापून टाकूया, असं त्यांचं म्हणणं. पण तारखा चित्राच्या खालच्या भागावरच छापलेल्या होत्या, बायांच्या गुडघ्यांपासून खाली. कात्री लावली तर आयचे पाय तुटतील, असं म्हणून आईने कापू दिलं नाही. म्हणून आमच्या आजीच्या फोटोत एकतीस तारखा होत्या आणि होळीची सुट्टी लाल रंगात होती.

समोरच्या खिडकीतून त्या भिंतीवर दुपारचं ऊन यायचं. शेजारचे देव, बर्फाचे डोंगर, माझा शाळेतला ग्रुप फोटो, सगळे काही वर्षांत निळसर पडले. ते चित्र तसंच राहिलं. वडिलांना याचा मोठा अभिमान. ही आमच्यासारख्यांची शाई, असं ते म्हणायचे, जणू त्यांनीच घोटून दिली होती.

मी चित्रकलेची बाई झाले ती त्या चित्रामुळे. वडिलांच्या रुमालात चिकटलेली पूड पाण्यात कालवून मी वॉश करायला शिकले. आकाश तेव्हा जमायचं नाही, कागद फुगायचा. पण शाळेत पोरांना शिकवताना मी कायम तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवलं. एवढं चित्र पाठ असून किनारा मुरब्याचाच का, अशी शंका मला पुढे कधी आली नाही. खरं सांगायचं तर शंका घ्यावी असं वाटलंच नाही. बाकीच्यांच्या आज्या फोटोत पदर सावरून ताठ बसलेल्या असायच्या. माझी आजी समुद्राकडे बघत उभी होती, तोऱ्यात.

वडील गेले आणि आई माझ्याकडे पालघरला राहायला आली. सामान टेम्पोत आलं. चौकट मात्र तिने मांडीवर घेऊन रिक्षाने आणली.

गेल्या वर्षी, गणपती नुकतेच झाले होते, तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वाचली. मुंबईच्या एका संग्रहालयात विलायतेतल्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन आलं होतं. बातमीबरोबर पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र होतं. कमरेवर हात ठेवलेली बाई. मी चष्मा पुसून परत बघितलं आणि आईला हाक मारली. तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, चल, जाऊ.

तिचे गुडघे धरलेले, म्हणून गाडी ठरवली. ती पहाटेच उठून तयार झाली होती. ट्रंकेतली हिरवी रेशमी साडी, कानात जुनी कर्णफुलं, आणि केळीच्या पानात गुंडाळलेली अबोलीची वेणी. मी म्हटलं, तिथं वेणी घालू देणार नाहीत. ती म्हणाली, विचारायला काय जातं? ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, त्याने हिंदीत विचारलं की अम्मा कुणाच्या लग्नाला निघाल्यात. आईने मराठीत उत्तर दिलं, की माझ्या आयला भेटायला. त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्याने गाणं बारीक केलं.

प्रदर्शनाच्या दालनात थंडगार होतं आणि उजेड बेताचा. जुना कागद उजेडाने खराब होतो म्हणून तसा ठेवतात. आई प्रत्येक चित्रापाशी थांबत नव्हती, माझा दंड धरून भराभर पुढे जात होती. कोपऱ्यात ते सापडलं. मला पहिला धक्का बसला तो त्याच्या आकाराचा. केवढंसं होतं ते, दोन तळहात शेजारी ठेवले तर झाकलं जाईल एवढंच. इतकी वर्षं आम्ही त्याला भिंतभर समजत होतो.

दुसरा धक्का बाजूच्या पाटीवर होता. इंग्रजीत लिहिलं होतं, की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात कोळ्यांच्या बायका मासे वाळवत आहेत. टाक, शाई आणि करडा वॉश. एवढंच. मी ते दोनदा वाचलं. मुरबे नाही, मुंबई नाही, हिंदुस्थान नाही. साहेब वैतरणा ओलांडून आलाच नव्हता. त्याने आपल्याच गावच्या बाया काढल्या होत्या.

"काय लिवलंय गो?" आईने विचारलं. तिला इंग्रजी येत नाही.

तिच्याकडे आजीचं दुसरं काही नव्हतं. एक बांगडी नाही, एक लुगडं नाही. होतं ते एवढंच, आणि तेही मी पाटी वाचून काढून घेणार होते. मी म्हटलं, "लिहिलंय, मुरब्याचा किनारा."

आई पुढे वाकली. रखवालदार लांबून म्हणाला, आजी, काचेला हात नको. तिने हात मागे घेतले आणि वेणीचं पान दोन्ही हातांत धरून बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं तेव्हा मला दिसलं, ती काय बघतेय. मूळ चित्राला तारखा नव्हत्या. कॅलेंडरात जिथं तारखा होत्या तिथं बायांचे पाय होते. आणि छापताना डावीकडचं जे कापलं गेलं होतं तिथं एक दगडी देवळाचा मनोरा होता, त्यांच्या देवाचा, आणि कौलांवर धुरांडी.

"पायात बूट हायत," आई म्हणाली.

मी पाटीकडे बघितलं.

"वाळूत बूट घालून मुरब्यात कोन बोंबील वाळवीत व्हता?"

माझ्या खोटेपणावर ती चिडली नाही, त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. ती नुसती त्या उंच बाईकडे बघत होती. उभ्या बाईच्या पायातही बूट होते, नाडीचे, चांगले जाड. मग आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही.

"मंग माजी आय कशी दिसायची गो?"

मला काय माहीत? मी तिला पाहिलीच नव्हती. आत्या गेली, आईची भावंडं गेली, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मला त्या कॅलेंडरवाल्याचा राग आला, साहेबाचा आला, त्या नीटनेटक्या पाटीचा आला. तिथं बाकावर बसून मी रडले. आई रडली नाही. वेणी तिने पिशवीत ठेवली आणि म्हणाली, चल, घरी जाऊ.

परतीच्या वाटेला तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. हायवेला ड्रायव्हरने चहाला थांबवलं तर उतरली नाही. मनोरला गाडी पालघरच्या रस्त्याला वळली, दोन्ही बाजूंना भातं पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. मासवणच्या पुढे नदी दिसली तेव्हा ती एकदम म्हणाली, "उंच नव्हती ती."

मी वळून बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

ठेंगणी होती, ती सांगू लागली. कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली तिला कधी पाहिलीच नाही, तिचे हात रिकामे असायचे कधी? ती बसलेलीच असायची, एक पाय पुढे पसरून, पुढ्यात बोंबलाचा ढीग. डाव्या कानाची पाळी तुटलेली होती, जड दागिन्याने, म्हणून बोलताना त्या कानावरून पदर ओढायची. आवाज घोगरा. आई लहानपणी बोंबील एकेकटा काठीवर टाकायची तेव्हा आजी तिचा हात धरून दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवायला लावायची. म्हणायची, एकटा टाकलास तर वारा नेईल, बाये. तिचे हात थंड असायचे आणि खरखरीत.

हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. इतक्या वर्षांत आईने साहेबाची गोष्ट शंभरदा सांगितली असेल, पण तुटलेल्या कानाबद्दल कधी बोलली नव्हती. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, आठवलंच नव्हतं. मग म्हणाली, ती उंच बाई मधी उभी व्हती ना. पालघर स्टेशनचा फाटा येईपर्यंत ती बोलत राहिली आणि गाडी घरासमोर थांबल्यावरही लगेच उतरली नाही.

त्या आठवड्यात मी मनाशी ठरवलं. चांगला जाड कागद काढला, शाई काढली, कुंचले धुऊन ठेवले. आईसमोर बसले आणि म्हटलं, तू सांगत जा, मी काढते. ठेंगणी, बसलेली, एक पाय पुढे, कानावर पदर. आता आकाशही जमतं मला. तुझ्या आयचं चित्र आपण भिंतीवर लावू.

आईने माझ्या हातातला कुंचला घेतला आणि परत डब्यात ठेवला.

"नको. तू चांगलीच काढशील. मंग मी त्या चित्राकडंच बगत बसंन."

मी शाईची बाटली बंद केली. कागद कपाटात ठेवला, अजून कोराच आहे.

मग सर्वपित्री आली. मी सकाळी स्टूल घेऊन भिंतीपाशी गेले. आईला विचारलं, ही चौकट आता काढून ठेवू ना? आई चुलीपाशी बोंबील भाजत होती. राहू दे, म्हणाली. मग दोन पानं घे, म्हणाली. मला वाटलं, एक वडिलांकडच्यांचं. पण त्यांचं पान तिने आधीच वाढून ठेवलं होतं.

अबोलीच्या वेण्या दोन केल्या होत्या. एक तिने गच्चीवर आजीच्या पानाशेजारी ठेवली, नुसती, कुठल्याही फोटोशिवाय. दुसरी घेऊन ती खाली आली, टाचा उंचावून तिने ती मार्च महिन्याच्या खिळ्याला अडकवली, आणि उंच बाईकडे बघत मला म्हणाली, "हिची लेक कुटं आसंल, आसंल का नसंल. हिला आता फूल घालाय आपनच हाव."

मी कालवण दुसऱ्या पानावर वाढायला घेतलं, तर तिने माझा हात धरला.

"ते नको. तिला एवढं तिखट सोसायचं नाय."

मग मी दुसरं पातेलं चढवलं. त्यात चार बोंबील टाकले, मीठ आणि चिमूटभर हळद घातली, आणि मिरचीचा डबा फळीवर ठेवून दिला.